सामाईक भिंतीची मालकी : भिवपुरी परिसरातील गावठाणांच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, कुसूर घाटाच्या पायथ्याशी भिवपुरी हे गाव आहे. १९२२ साली तेथे सुरू झालेल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रामुळे आणि नेरळ व कर्जत यांच्या दरम्यान असलेल्या भिवपुरी रोड या स्थानकामुळे गावाचे नाव दूरवर परिचित झाले. प्रस्तुत विवेचनाचा संबंध मात्र या परिसरातील जुन्या गावठाणांत आढळणाऱ्या एका अगदी साध्या वस्तूशी आहे. ती वस्तू म्हणजे दोन घरांमधील एकच भिंत.

अशी भिंत बहुधा दोन परक्या शेजाऱ्यांनी मिळून बांधलेली नसते. मूळचे घर एकच असते. एका जोत्यावर, एका आढ्याखाली उभे असलेले. पुढे भावांच्या वाटण्या होतात. ओटी दुभागली जाते, पडवी दुभागली जाते आणि माजघराची दगडमातीची जाड भिंत दोन्ही वाट्यांची सीमा ठरते. वाटणीपत्र झालेच तर त्यात एवढेच लिहिले जाते : ‘मधली भिंत सामाईक’. वाटणी करणारे भाऊ हयात असेतोवर या तीन शब्दांचा अर्थ कोणी विचारीत नाही. एका पिढीनंतर थोरल्या पातीचा वारस जुने घर पाडून सिमेंट-काँक्रीटचे घर बांधू इच्छितो, आणि धाकट्या पातीच्या घराच्या तुळया अजून त्याच भिंतीवर टेकलेल्या असतात. मग प्रश्न उभा राहतो की, भिंत कोणाची?

या प्रश्नाला भारतीय कायद्यात एका वाक्याचे उत्तर नाही. त्यात वस्तुतः तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. भिंतीच्या दगडमातीचा व तिच्याखालील जमिनीचा स्वामी कोण, हा पहिला. भिंतीवर भार टाकण्याचा अधिकार कोणाला, हा दुसरा. आणि भिंत पावसापासून जपण्याचे, तिची डागडुजी करण्याचे कर्तव्य कोणावर, हा तिसरा. वादात सर्वांत अधिक शब्द पहिल्या प्रश्नावर खर्च होतात. दुसऱ्याचे उत्तर कायद्याने बरेचसे देऊन ठेवले आहे. तिसऱ्याची व्यवस्था मात्र कायद्याने जवळजवळ केलेलीच नाही. आणि जेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे भिंतीचे आयुष्य प्रायः या तिसऱ्या प्रश्नावरच अवलंबून असते.

२. प्राचीन व्यवहारशास्त्रातील विचार

शेजाऱ्याच्या भिंतीसंबंधीचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात भिंतीवर आघात करणे, ती छेदणे व ती भेदणे या अपराधांना अनुक्रमे ५, १० व २० पण असा चढता दंड सांगितला आहे; आणि भिंत पाडल्यास ती पुन्हा उभी करण्याचा खर्चही देवविला आहे. केवळ दंड न सांगता नुकसानभरपाईचाही विचार येथे झाला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कात्यायनाच्या नावावर असलेल्या वचनांत दुसऱ्याच्या भिंतीपासून दोन अरत्नी, म्हणजे सुमारे दोन हात, अंतर सोडून मगच खड्डा, अग्नी वा सांडपाणी यांची योजना करावी, असा दंडक आढळतो. जुन्या खिडक्या व पाण्याच्या वाटा कोंडू नयेत, हाही विचार त्याच परंपरेतला. कौटिलीय अर्थशास्त्रातील वास्तुकप्रकरणात घराघरांमधील अंतर, वळचणी, पाणी जाण्याचे मार्ग व खिडक्या यांचे नियम दिलेले आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी कात्यायनाची विखुरलेली व्यवहारविषयक वचने १९३३ साली संकलित करून प्रसिद्ध केली, त्यामुळे या सामग्रीचा अभ्यास पुष्कळच सुकर झाला.

तथापि या नियमांचा मुख्य रोख दोन घरांमध्ये अंतर राखण्याकडे आणि दुसऱ्याच्या भिंतीस अपाय न होऊ देण्याकडे आहे. जेथे अंतरच उरलेले नाही आणि भिंत ‘दुसऱ्याची’ की ‘आपली’ हेच ठरत नाही, त्या परिस्थितीसाठी आजच्या न्यायालयांना वेगळ्या उगमाकडे वळावे लागले. तो उगम म्हणजे इंग्रजी न्यायनिर्णय आणि १८८२चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम.

३. ‘सामाईक भिंत’ या शब्दाचे चार अर्थ

इंग्लंडमध्ये १८८० साली ‘वॉटसन विरुद्ध ग्रे’ या खटल्यात न्यायमूर्ती फ्राय यांनी ‘सामाईक भिंत’ या संज्ञेचे चार अर्थ वेगळे करून दाखविले. भारतातील न्यायालयीन चर्चेतही या वर्गीकरणाचा आधार घेतला गेला आहे. भिवपुरीकडील वर वर्णिलेल्या घरालाच ते लावून पाहिले असता त्यातील भेद स्पष्ट होतो.

पहिल्या अर्थाने, संपूर्ण भिंत दोघांच्या अविभक्त मालकीची असते. थोरल्या व धाकट्या पातीचा प्रत्येक दगडात हिस्सा असतो. अमुक बाजू एकाची व तमुक बाजू दुसऱ्याची, असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या अर्थाने, भिंतीच्या जाडीच्या मध्यातून एक उभी रेषा कल्पिली जाते. रेषेच्या अलीकडची अर्धी जाडी एकाची आणि पलीकडची दुसऱ्याची. दोघांचे एकमेकांच्या अर्ध्या भागावर कोणतेही अधिकार नसतात.

तिसऱ्या अर्थाने, भिंत सर्वस्वी एकाची असते. परंतु ती दोन घरांना विभागणारी भिंत म्हणून कायम राहावी, असा अधिकार दुसऱ्याला असतो.

चौथ्या अर्थाने, भिंत दुसऱ्या प्रकाराप्रमाणेच मध्यातून विभागलेली असते. पण प्रत्येक अर्ध्या भागावर दुसऱ्या अर्ध्याच्या मालकाचा आधाराचा अधिकार असतो. मालकी विभक्त, अधिकार मात्र परस्परांत गुंतलेले, अशी ही स्थिती होय.

या चारही प्रकारांत भिंत डोळ्यांना एकसारखीच दिसते. फरक पडतो तो एकाने काही करावयास घेतले म्हणजे. दुसऱ्या प्रकारात थोरल्या पातीच्या वारसाला आपली अर्धी जाडी काढून टाकता येईल. १८१३ सालच्या ‘मॅट्स विरुद्ध हॉकिन्स’ या इंग्रजी खटल्यात, दोघांच्या खर्चाने पण दोघांच्या जमिनींवर अर्धी-अर्धी उभारलेली भिंत सामाईक मालकीची होत नाही, ज्याच्या जमिनीवर जेवढी आहे तेवढी त्याची, असे ठरले होते. परंतु मातीत बसविलेल्या दगडांची भिंत मध्यातून चिरता येत नाही. तिचे दोन्ही दर्शनी थर आतून गुंतलेले असतात. एक काढला की दुसरा फार काळ तग धरीत नाही. म्हणून या प्रकारची मालकी कागदावर शक्य असली, तरी अशा घराच्या बाबतीत ती व्यवहारात निरर्थक ठरते.

पहिल्या प्रकारात एकट्याने काय करता येते, हेही निर्णयांनी ठरविले आहे. १८२८ सालच्या ‘क्युबिट विरुद्ध पोर्टर’ या खटल्यात, सामाईक भिंत जीर्ण झाल्यामुळे पुन्हा चांगली बांधण्याच्या हेतूने एका सहमालकाने पाडली तर त्याने दुसऱ्याला बेदखल केले असे होत नाही, असे ठरले. उलट १८५७ सालच्या ‘स्टेडमन विरुद्ध स्मिथ’ या खटल्यात एकाने भिंत उंच करून तिच्या संपूर्ण माथ्यावर आपल्या छपराचा भार टाकला, तेव्हा दुसऱ्याचा माथ्यावरील वापर संपुष्टात आल्याने ती बेदखली मानली गेली. भारतातही हाच विचार आढळतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या ‘कनकय्या विरुद्ध नरसिंहुलू’ या निर्णयात (भारतीय निर्णयमालिका, मद्रास, खंड १९, १८९६) सामाईक भिंतीची उंची एका सहमालकाने परवानगीवाचून वाढविली होती. त्यामुळे दुसऱ्याची काही गैरसोय झालेली नसतानाही वाढविलेला भाग काढून टाकण्याचा हक्क त्याला देण्यात आला. भिवपुरीच्या घरात एका पातीने भिंतीवर दोन हात विटा चढवून वर माळा काढला, तर ‘तुमचे यात काय बिघडले?’ हा बचाव पुरा पडत नाही, असा याचा अर्थ होतो.

४. वाटणीने निर्माण होणारा आधाराचा अधिकार

येथवरचे विवेचन मालकीपुरते झाले. आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे भाराच्या अधिकाराकडे वळावयाचे. याबाबतीत भारतीय कायदा इंग्रजी निर्णयांहून अधिक सुस्पष्ट आहे.

सुविधाधिकार अधिनियम १८८२ साली झाला व १८९१च्या अधिनियमाने तो मुंबई इलाख्याला लागू करण्यात आला. त्याच्या कलम ७ नुसार प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीकडून नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. पण तो नैसर्गिक स्थितीतील जमिनीपुरताच. त्यावर उभारलेल्या घराचा कृत्रिम भार त्यात येत नाही. घराला आधाराचा हक्क हवा असेल, तर तो अन्य मार्गाने प्राप्त व्हावा लागतो. असे दोन मार्ग आहेत.

एक मार्ग दीर्घ वहिवाटीचा. कलम १५ प्रमाणे एका मिळकतीवरील बांधकामाला दुसऱ्याच्या जमिनीचा, अथवा तिला जोडलेल्या वस्तूचा आधार शांततेने, खंड न पडता व सुविधाधिकार म्हणून २० वर्षे मिळत राहिला असेल, तर तो अधिकार पूर्ण होतो. तो वीस वर्षांचा काळ दावा दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. सरकारी जमिनीच्या बाबतीत ही मुदत ३० वर्षांची आहे.

दुसरा मार्ग अधिक महत्त्वाचा. कलम १३ असे सांगते की, सामाईक मिळकतीची वाटणी झाली आणि एका हिस्सेदाराला आपल्या वाट्याचा उपभोग घेण्यासाठी दुसऱ्याच्या वाट्यावर एखादा सुविधाधिकार आवश्यक असला, तर तो त्याला मिळतो. एवढेच नव्हे, तर जी सोय उघड दिसणारी व सतत चालू असणारी आहे, आणि वाटणीच्या वेळी जसा उपभोग चालू होता तसा तो चालू राहण्यासाठी जी आवश्यक आहे, तीही हक्क म्हणून मिळते. मात्र विरुद्ध हेतू व्यक्त झालेला अथवा अपरिहार्यपणे सूचित होणारा नसावा. तुळईचे टोक भिंतीत रुतलेले असते, ते कोणालाही दिसते, आणि ते रात्रंदिवस भार टाकीत असते. उघड व सतत चालू असलेल्या सोयीचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. या कलमाखालील उदाहरणांतही लगतच्या दोन इमारतींचा मालक एक इमारत विकतो, किंवा दोन्ही दोघांना विकतो, तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याच्या इमारतीकडून बाजूचा आधार मिळण्याचा हक्क राहतो, असे स्पष्ट म्हटले आहे.

याचा परिणाम असा होतो की, वाटणीतून उद्भवलेल्या भिंतीच्या बाबतीत ‘मालक कोण’ या प्रश्नाचे उत्तर काहीही आले, तरी धाकट्या पातीची तुळई बहुधा सुरक्षित राहते. भिंत अविभक्त मालकीची असेल, तर सहमालक म्हणून. भिंत एकट्या थोरल्या पातीची किंवा मध्यातून विभागलेली ठरली, तर कलम १३ खालील सुविधाधिकार म्हणून. एक सूक्ष्म भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. कलम ४ च्या व्याख्येनुसार सुविधाधिकार हा दुसऱ्याच्या मिळकतीवरच असू शकतो, स्वतःच्या मिळकतीवर नाही. म्हणून वादीने ‘मी सहमालक आहे’ व ‘मला सुविधाधिकार आहे’ या दोन भूमिका पर्यायी म्हणून मांडणे योग्य. त्या एकाच भिंतीच्या एकाच भागावर एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

५. पुराव्याच्या अडचणी

मालकीचा प्रश्न गौण ठरला तरी तो नाहीसा होत नाही. भिंत उंच करणे, तीत कोनाडा कोरणे, तिची जागा नव्या बांधकामात घेणे, या सर्व बाबतींत तो पुन्हा डोके वर काढतो. तो सिद्ध करण्यासाठी पुरावा कोणता?

गावठाणातील घराची जमीन सातबाऱ्यावर येत नाही. तो उतारा मुख्यतः शेतजमिनीचा. ग्रामपंचायतीच्या करआकारणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना क्रमांक ८ मध्ये, घराचे वर्णन व कर असतो. पण ती कराची नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. महसुली फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही व संपुष्टातही येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या ‘सावर्णी विरुद्ध इंदर कौर’ या निर्णयात स्पष्ट केले आहे. करआकारणीच्या नोंदीला त्याहून अधिक वजन मिळण्याचे कारण नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी गावठाणांचे मोजमाप हाती घेण्यात आले. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे नकाशे तयार करून मालमत्ताधारकांना मिळकतपत्रिका देण्याची तरतूद आहे. उड्डाणापूर्वी प्रत्येक मालमत्तेची हद्द चुन्याच्या रेषेने आखली जाते. या योजनेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु आकाशातून छप्पर दिसते, छपराखालील भिंत दिसत नाही. एकाच आढ्याखाली असलेल्या दोन वाट्यांमधील भिंत कोणत्या बाजूस किती जाडीने आहे, हे चुन्याच्या रेषेवरून ठरणार नाही. नकाशावरील रेषेला जाडी नसते. भिंतीला दीड-दोन हातांची असते.

म्हणून न्यायालयापुढे शेवटी भिंतीलाच साक्ष द्यावी लागते. जोते कोणाच्या बाजूस पुढे आले आहे; तुळयांची टोके एकाच बाजूने रुतली आहेत की दोन्ही बाजूंनी; कोनाडे व दिवळ्या कोणत्या अंगाला आहेत; भिंतीच्या माथ्याचा उतार कोणीकडे आहे आणि त्यावरचे पाणी कोणाच्या अंगणात पडते; गिलावा व डागडुजी आजवर कोणी केली; या गोष्टी दिसायला क्षुल्लक, पण निर्णायक असतात. दोघांनीही भिंतीचा सारखाच वापर केला आहे एवढेच सिद्ध झाले आणि जमिनीची मूळ रेषा सिद्ध होऊ शकली नाही, तर भिंत अविभक्त सामाईक मालकीची असल्याचे अनुमान ‘क्युबिट विरुद्ध पोर्टर’ पासून केले जात आले आहे. हे अनुमान खंडनीय आहे. विरुद्ध पुरावा आला की ते ढळते.

या बाबतीत फ्रेंच नागरी संहितेची पद्धत तुलनेसाठी उपयुक्त आहे. त्या संहितेने दोन इमारतींमधील भिंत सामाईक असल्याचे अनुमान कायद्यातच नमूद केले. आणि माथ्याचा उतार एकाच बाजूला असणे यासारख्या खुणा आढळल्यास भिंत त्या बाजूच्या मालकाची मानावी, असेही सांगितले. इतकेच नव्हे, तर शेजाऱ्याच्या एकट्याच्या भिंतीत, योग्य मूल्याचा अर्धा भाग देऊन, भागीदारी मिळविण्याचा अधिकारही दिला. गोव्यात ज्या १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा अंमल होता, तीतही अशाच स्वरूपाच्या तरतुदी होत्या. भारतातील सर्वसाधारण कायद्यात असा खरेदीचा हक्क नाही. येथे शेजाऱ्याची संमती हाच एक मार्ग उरतो.

६. पावसाचा प्रश्न

आता तिसरा व सर्वांत उपेक्षित प्रश्न. थोरल्या पातीच्या वारसाने मधली भिंत पाडली नाही. तिला हातही लावला नाही. त्याने आपल्या बाजूचे छप्पर व आतल्या भिंती तेवढ्या उतरविल्या. मधली भिंत जागच्या जागी उभी आहे आणि धाकट्या पातीच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या आहेत. आधार काढून घेतलेला नाही. पण आजवर जी बाजू घराच्या आत होती, ती उघडी पडली. मातीत रचलेली ती भिंत जूनच्या मध्यापासून पावसात भिजू लागली, तर तिचे काय होणार, हे कोकणातील कोणालाही सांगावे लागत नाही.

कायद्याने यावर काय म्हटले आहे? १९६४ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे ‘फिप्स विरुद्ध पिअर्स’ या खटल्यात हाच प्रश्न आला होता. दोन घरांच्या भिंती एकमेकींना चिकटून, पण परस्परांत न गुंतलेल्या होत्या. एक घर पाडल्याने दुसऱ्याची गिलावा नसलेली भिंत उघडी पडली. तीत पाणी मुरले, ते गोठले आणि भिंतीला तडे गेले. लॉर्ड डेनिंग यांनी निर्णय दिला की, हवामानापासून संरक्षण मिळण्याचा सुविधाधिकार कायद्याला माहीत नाही. आपले घर पाडण्याची प्रत्येकाला मोकळीक आहे. पुढे २००१ सालच्या ‘रीस विरुद्ध स्केरेट’ या खटल्यात त्याच न्यायालयाने या मताला मर्यादा घातली. जेथे घराला आधाराचा हक्क आहे, तेथे बाजूचे घर पाडणाऱ्याने उघड्या पडणाऱ्या भिंतीला ओलीपासून वाचविण्याची वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे त्यात ठरले.

इंग्रजी निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. आणि भारतीय अधिनियमाची शब्दयोजना अधिक व्यापक आहे. वाटणीच्या वेळी जसा उपभोग होता तसा चालू राहण्यास आवश्यक ती सोय, असे कलम १३ म्हणते. दुसऱ्या बाजूचे छप्पर हे मातीच्या भिंतीचे आच्छादन होते आणि आच्छादनावाचून ती भिंत आधार देऊ शकत नाही, असा युक्तिवाद त्या शब्दांत बसविता येण्याजोगा आहे. परंतु तो युक्तिवादच आहे. अधिनियमात तशी स्पष्ट तरतूद नाही.

डागडुजीच्या बाबतीत तर अधिनियमाची भूमिका स्पष्टपणे उलट आहे. कलम २७ नुसार ज्याच्या मिळकतीवर सुविधाधिकाराचा बोजा आहे, त्याने लाभधारकासाठी काही करण्याची आवश्यकता नाही. त्याने अडथळा आणू नये, एवढेच. कलम २५ प्रमाणे सुविधाधिकार टिकविण्यासाठी करावयाच्या दुरुस्तीचा खर्च लाभधारकानेच सोसावयाचा असतो. रोमन कायद्यात या सामान्य नियमाला एक प्रसिद्ध अपवाद होता. शेजाऱ्याच्या इमारतीचा भार वाहण्याची सेवा ज्या भिंतीवर असे, त्या भिंतीच्या मालकानेच ती दुरुस्त ठेवावी, असे तेथे मानले गेले. भारतीय अधिनियमाने हा अपवाद घेतला नाही. भिंत अविभक्त मालकीची असल्यास एका सहमालकाने केलेल्या खर्चाचा हिस्सा मागण्यासाठी १८७२च्या करार अधिनियमातील कलम ७० चा आधार घेण्याचा प्रयत्न करता येतो. पण काम कायदेशीर रीतीने केले, ते फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, हे सर्व त्यासाठी सिद्ध करावे लागते.

७. उपाय व त्यांचा काळ

हक्क असूनही तो केव्हा बजावता येतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ३४ सांगते की, आधार काढून घेतला तरी प्रत्यक्ष मोठे नुकसान होईपर्यंत भरपाई मागण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. दुसऱ्या शब्दांत, भिंत ढासळेपर्यंत किंवा तिला गंभीर तडे जाईपर्यंत पैशाचा दावा अकाली ठरतो. याउलट कलम ३५ प्रमाणे आधार जाण्याचा धोका नुसता समोर दिसत असेल आणि योजलेले कृत्य पार पडल्यास सुविधाधिकारात व्यत्यय येणे अटळ असेल, तर मनाई हुकूम मागता येतो. १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमातील कलमे ३८ व ३९ यांखाली कायमचा मनाई हुकूम व केलेले बांधकाम काढून टाकण्याचा आदेशही मिळू शकतो. मात्र हे आदेश न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतात; उशिरा जागे होणाऱ्याला ते सहज मिळत नाहीत. तसेच कलम ३६ नुसार लाभधारकाला अडथळा स्वतःच्या हाताने दूर करता येत नाही. शेजाऱ्याने उभारलेला खांब रात्रीतून पाडणे हे हक्काचे संरक्षण नव्हे.

एवंच, जुने घर उतरविण्याचे काम फाल्गुन-चैत्रात सुरू होते आणि पाऊस ज्येष्ठ-आषाढात येतो, या दोहोंमधील दोन-अडीच महिने हाच धाकट्या पातीच्या वारसाला कायद्याचा खराखुरा उपयोग करून घेण्याचा काळ. त्यानंतर उरतो तो बहुधा भरपाईचा दावा.

इंग्लंडमध्ये ही कोंडी कायदा करून सोडविण्यात आली. १९२५च्या मालमत्ता अधिनियमाने अविभक्त मालकीच्या सामाईक भिंती मध्यातून विभागल्या आहेत असे मानून, दोन्ही बाजूंना पूर्वीचे आधाराचे व वापराचे अधिकार कायम ठेवले. म्हणजे पहिला प्रकार मोडून व्यवहारतः चौथा स्वीकारला. पुढे १९९६च्या सामाईक भिंत अधिनियमाने इंग्लंड व वेल्समध्ये अशा भिंतीवर काम करण्यापूर्वी शेजाऱ्याला दोन महिन्यांची नोटीस देणे आवश्यक केले. मतभेद झाल्यास मोजणीतज्ज्ञांच्या निवाड्याची सोय केली. भारतात असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. बांधकामाची परवानगी देणारी संस्था शेजाऱ्यांमधील मालकीचा वाद ठरवीत नाही. परवानगी मिळाली म्हणजे भिंत पाडण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही.

कर्जत, नेरळ व खोपोलीच्या भोवती उभ्या राहिलेल्या नव्या सदनिकांच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. जेथे १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली घोषणापत्र झालेले असते, तेथे पाया, खांब, तुळया व मुख्य भिंती या सर्व सदनिकाधारकांच्या सामाईक भागांत मोडतात आणि त्यांच्या देखभालीचा खर्च वाटून घेण्याची व्यवस्था असते. जी व्यवस्था अनोळखी माणसांच्या इमारतीसाठी कायद्याने केली, ती सख्ख्या भावांच्या घरासाठी मात्र कोणीच केलेली नाही.

८. निष्कर्ष

ती करण्याचे स्थान वाटणीपत्र हेच होय. कलम १३ चा नियम विरुद्ध हेतू व्यक्त नसेल तरच लागू होतो. अर्थात् पक्षकारांना आपली व्यवस्था स्वतः ठरविण्यास कायद्याने पूर्ण वाव ठेवला आहे. ‘मधली भिंत सामाईक’ एवढे लिहून थांबणे म्हणजे चारही अर्थांना दार उघडे ठेवणे होय. भिंत अविभक्त मालकीची की मध्यातून विभागलेली. तिची लांबी, रुंदी व उंची किती. कोणाच्या किती तुळया तिच्यावर आहेत. ती उंच करावयाची तर कोणाच्या संमतीने. एका बाजूचे घर उतरविल्यास उघड्या बाजूला गिलावा व पन्हळ कोणी व किती दिवसांत करावयाचा. आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात, या गोष्टी पाच-सहा ओळींत लिहिता येतात. असे वाटणीपत्र १९०८च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंदविले गेले पाहिजे. आधीच तोंडी झालेल्या वाटणीचे केवळ टिपण असेल, तर त्याला नोंदणीची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालच्या ‘काळे विरुद्ध चकबंदी उपसंचालक’ या निर्णयात मान्य केले आहे. परंतु अशा टिपणातही भिंतीचे वर्णन स्पष्ट असणे तितकेच अगत्याचे.

जेथे वाटणी जुनी आहे व पत्र मोघम आहे, तेथेही घर उतरविण्यापूर्वी दोन्ही पातींनी स्वतंत्र करारपत्र करून ही उणीव भरून काढता येते. सुविधाधिकाराच्या कायद्याने भिंतीवरचा भार ओळखला आहे. तिच्यावरचा पाऊस त्याने अजून पुरता ओळखलेला नाही. तो ओळखला जाईपर्यंत, भिवपुरीसारख्या गावातील धाकट्या पातीच्या घराचे रक्षण भिंतीच्या मालकीपेक्षा तिच्या देखभालीविषयी आधी लिहून ठेवलेल्या चार शब्दांनीच अधिक होईल.